हिमाचलात हस्तकलेची दालनं आणि कारागिरांचे स्टुडिओ बघायचेत. चार दिवस पुरतील का? आणि भाव करायला हरकत नाही ना?

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवेना, म्हणून आधी तेच.

चंब्यात आम्ही चौघं एका बाईंच्या घरी गेलो होतो. मी, हे, माझी धाकटी बहीण आणि आमचे मेहुणे. बाई खिडकीशी उजेडाला बसून रुमाल भरत होत्या. रासमंडळ होतं, मधे कृष्ण आणि भोवती गोपी. मलमलीवर चित्रकारानं कोळशानं काढून दिलेली रेघ, त्यावर पीळ नसलेला रेशमी धागा.

माझी आई भरतकाम नेहमी उलटं करून बघायची. वर कितीही फुलं फुलवा, मागे गाठी दिसल्या की "उसव." माझे दोन अभ्रे तिनं असे उसवायला लावलेत. त्याच सवयीनं मी शेजारी ठेवलेला पुरा झालेला रुमाल उचलून उलटा केला. मागे तेच चित्र! गाठ नाही, लोंबता धागा नाही. बाई हसून म्हणाल्या, "अब बताइए, सीधा कौन-सा है?" मला सांगता येईना. याला दोरुखा टाका म्हणतात. धागा एकाच वेळी दोन्हीकडे भरत जातो. हे मी वाचलं होतं, पण हातात घेतल्यावर आईची फार आठवण आली.

त्यांनी किंमत सांगितली, आणि मेहुणे म्हणाले, "एवढ्याशा रुमालाला? निम्म्यात द्या."

बाई चिडल्या नाहीत. माझ्या हातातून रुमाल घेतला, घडी घातली, बाजूला ठेवला. मग बोलणंच संपलं. दोन महिन्यांचं काम होतं ते. मी सांगितलेले पैसे दिले आणि मेहुणे पठाणकोटपर्यंत फुगून बसले, मी त्यांना चारचौघांत वेड्यात काढलं म्हणून. चंबा रुमाल हा खिशातला रुमाल नव्हेच. देवापुढच्या नैवेद्यावर किंवा लग्नातल्या भेटींच्या ताटावर झाकायचं ते वस्त्र. हे मी गाडीत सांगत होते, पण ऐकतंय कोण?

बरं, तुमचे चार दिवस. धरमशालेत उतरा. जवळच सिद्धपूरला नोर्बुलिंका ही तिबेटी कला जपणारी संस्था आहे, १९८८ची. तिथे थांगका (कापडावरची तिबेटी धार्मिक चित्रं) रंगवणारे, लाकूड कोरणारे, धातूच्या मूर्ती घडवणारे लोक प्रत्यक्ष कामाला बसलेले दिसतात. दुसऱ्या दिवशी पालमपूरजवळचं अंद्रेटा. चित्रकार सोभा सिंग फाळणीनंतर तिथे येऊन राहिले, त्यांचं कलादालन आहे. नोरा रिचर्ड्स या आयरिश नाट्यकर्मी बाईंचं मातीचं घर आहे, आणि १९८३ पासून चालणारी अंद्रेटा पॉटरी. चाकावर हात घालून बघा. माझा माठ दोनदा बसला, तिसऱ्यांदा त्याची पणती झाली.

उरलेले दोन दिवस चंब्याला द्या. घाटरस्त्यानं त्यातला एक जातोच. आधी भूरीसिंग संग्रहालय (१९०८) बघा, मग भरणाऱ्यांकडे जा. जुने रुमाल आणि पहाडी शैलीतली लघुचित्रं शेजारी पाहिली की नजर तयार होते आणि किंमत ऐकून धक्का बसत नाही. कुलू यात बसवू नका, उगाच गाडीतच दिवस जातील.

एक मात्र कबूल करते. बाजारातल्या दुकानात भाव खुशाल करा. तिथे "हातमागाची शाल" म्हणून यंत्रावरची सर्रास गळ्यात मारतात. चंबा रुमालाला भौगोलिक मानांकन आहे, पण त्यानं नकला थांबत नाहीत. आणि घरी काम करणारा प्रत्येक जण खरीच किंमत सांगतो असंही नाही. ती पटली नाही तर नमस्कार करून निघा, पण त्यांच्या कामाला बसल्या जागी निम्म्यात मोजू नका. रविवारी नोर्बुलिंकातलं काम बंद असतं, आणि पावसाळ्यात दरडींमुळे या रस्त्यांचा भरवसा नाही, हे आधीच सांगायला हवं होतं.

मेहुण्यांनी परतताना एका दुकानातून "अगदी तसाच" रुमाल पाव किमतीत घेतला आणि चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला. दर दिवाळीला मला तो दाखवतात. चौकट काढून एकदा मागची बाजू बघू द्या, असं मी दर दिवाळीला म्हणते. अजून खिळ्यावरून उतरलेली नाही.