छान आहे, पण पटत नाही!

प्रश्न: ताई, मी एफवायबीएला आहे. आमच्या गावातलं वाचनालय बंद करून ग्रामपंचायत तिथे गाळे काढायचं म्हणतेय, आणि नेमका कॉलेजच्या निबंध स्पर्धेला 'माझ्या गावाचा एक प्रश्न' हा विषय आलाय. मी लिहिलं, सर म्हणाले छान आहे पण पटत नाही. 'वाचाल तर वाचाल'ने सुरुवात केलीये, सुविचारही चार-पाच टाकलेत, मग अजून काय लागतं? निबंध सोबत पाठवतेय. – एक वाचक, तासगाव

उत्तर: आधी ते 'वाचाल तर वाचाल' काढ बाई, शाळेच्या भिंतीवर बघून बघून ते आता कुणाला दिसतही नाही. सुविचारही काढ. तुझ्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे, लाइट गेली तरी पोलीस भरतीची पोरं मोबाइलच्या टॉर्चवर पुस्तक धरून बसतात, कारण घरी एकच खोली आणि त्यात टीव्ही चालू. अगं, हीच तर सुरुवात! ती तू कुठे लपवून ठेवलीस?

आता समोर सरपंच बसलेत असं समज. ते म्हणणार, हल्ली सगळं मोबाइलवर मिळतं आणि गाळ्यांचं भाडंही येईल. ह्यावर तू चकार शब्द काढलेला नाहीस, आणि सरांना बहुतेक तेच खटकलं असणार. भाडं येईल हे सरळ कबूल कर, त्यानं तुझंच वजन वाढतं, आणि मग विचार की गाळे दुसऱ्या जागी का नकोत. मोबाइलचं उत्तर तर त्या टॉर्चवाल्या ओळीतच आहे, पोरांकडे मोबाइल आहे, बसायला जागा नाहीये.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनला निवेदन दिलं, ते मिळालं तर जरूर वाच. ते आधी सांगतात की मी पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत शाळांचं काम केलंय, म्हणजे हा माणूस ऐकीव बोलत नाही हे तिथेच ठरलं. मग थेट पैशाचा हिशेब, सरकारचा महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांसाठी. हे एकदा समोरच्याच्या खिशापाशी नेऊन ठेवलं की त्याला मान फिरवता येत नाही (रडगाणं नाही, पण राग जाणवतो, मला तर ते फार आवडतं). आणि मागणीही मोघम नाही, निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा.

तुझी मागणी काय, तर 'वाचनसंस्कृती जपली पाहिजे'. ह्यावर सरपंच हो म्हणतील आणि गाळे बांधतील. किती ते किती उघडं ठेवायचं, चावी कुणाकडे, लाइटबिल कोण भरणार, हे लिही. 'मग आमच्या पोरांनी जायचं कुठे?' असा सवाल एकदाच टाक, तू सहा टाकलेत, तिसऱ्यापासून माणूस वैतागतो.

आणि हो, शेवटचा परिच्छेद 'म्हणूनच म्हणावेसे वाटते'ने सुरू होतोय, तो अख्खाच उडव.