बहिणीचा आजार मुलीकडे येईल का?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला ताकायासू आर्टरायटिस असल्याचे निदान झाले आहे. माझ्या मुलीची जनुकीय तपासणी करून घ्यावी का?

उत्तर : तशी गरज नाही. महाधमनी व तिच्या शाखांना सूज आणणाऱ्या या आजाराशी सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए-बी ५२ या जनुकप्रकाराचा संबंध जपानी रुग्णांप्रमाणेच भारतीय रुग्णांतही आढळला आहे. मात्र तो प्रकार असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही आणि नसलेल्यांनाही होऊ शकतो, त्यामुळे अहवालातून हाती लागेल ती बहुधा काळजीच. पाचव्या गुणसूत्रावरील आयएल-१२बी जनुकाजवळचे काही बदलही जोखीम काही प्रमाणात वाढवतात. एकाच घरात दोन रुग्ण क्वचितच आढळतात. मुलीच्या मनगटाची नाडी क्षीण लागली किंवा दोन्ही हातांच्या रक्तदाबात ठळक फरक दिसला, तर मात्र तिला संधिवाततज्ज्ञांना दाखवावे.