बिटकॉइनचा व्यवहार वाटेत कोणी बदलू शकतो का?

आपला प्रश्न असा आहे की, बिटकॉइनचा व्यवहार बँकेऐवजी अनोळखी लोकांच्या संगणकांमधून पुढे जातो, तर त्यांपैकी एखाद्याने रक्कम किंवा पत्ता बदलला तर काय करायचे? मी घरी स्वतःचा नोड, म्हणजे बिटकॉइनचे व्यवहार तपासून पुढे पाठवणारा संगणक, चालवतो. परक्यांचे असंख्य व्यवहार माझ्याही संगणकातून पुढे जातात, आणि त्यांतल्या एकाचीही रक्कम किंवा पत्ता मला बदलता येत नाही.

व्यवहार पाठवण्यापूर्वी वॉलेट, म्हणजे बिटकॉइन वापरण्याचे आपले ॲप, प्रायव्हेट कीने (फक्त आपल्याकडे असलेल्या गुप्त चावीने) त्यावर डिजिटल स्वाक्षरी करते. कोणत्या पत्त्यावर किती रक्कम जाणार, या मजकुरावरूनच ती स्वाक्षरी काढलेली असल्यामुळे एक आकडा बदलला तरी ती जुळत नाही. आणि प्रत्येक नोड ती स्वतः तपासत असल्याने बिघडवलेला व्यवहार पहिल्याच प्रामाणिक शेजाऱ्याकडे अडतो. लबाड नोड फार तर व्यवहार दाबून ठेवील, पण आपला नोड एकाच वेळी अनेकांशी जोडलेला असतो. नोडांमधला संवाद तर कित्येक वर्षे उघडाच चालत असे. तो आपोआप एन्क्रिप्ट करण्याची सोय बिटकॉइन कोअर या नोड चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 2024 साली आली. त्याआधीही रक्कम सुरक्षित होती, कारण भिस्त गुप्ततेवर नव्हती.

प्रायव्हेट कीचे मात्र तसे नाही, ती गुप्तच राहावी लागते. ऑगस्ट 2013 मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या भागात दोष आढळला. त्यामुळे काही वॉलेटांनी दोन वेगवेगळ्या स्वाक्षऱ्यांसाठी एकच गुप्त संख्या वापरली होती, आणि अशा दोन स्वाक्षऱ्या ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सर्वांना खुल्या नोंदवहीत, दिसल्या की त्यांवरून गणिताने प्रायव्हेट की काढता येते. नेटवर्कने आपले काम चोख केले, तरीही लोकांचे पैसे गेले.

पैसे घेणाऱ्याने घाईही टाळावी. व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे त्या नोंदवहीच्या नव्या पानावर, जाईपर्यंत पाठवणारा तीच नाणी जास्त शुल्क देऊन दुसरीकडे वळवू शकतो. ब्लॉक सरासरी 10 मिनिटांनी येतो. मोठ्या रकमेसाठी मी 6 कन्फर्मेशनपर्यंत, म्हणजे व्यवहाराचा ब्लॉक धरून 6 ब्लॉक होईपर्यंत, साधारण तासभर थांबतो.

आपल्याला वाटणारी भीती खरी ठरते ती स्वाक्षरीच्या आधी, आपल्याच संगणकावर. कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना गुपचूप बदलणारी मालवेअर आहेत. त्या चुकीच्या पत्त्यावर आपण स्वाक्षरी केली की नेटवर्कच्या दृष्टीने तो व्यवहार वैध असतो आणि तो परत फिरवता येत नाही. म्हणून मी हार्डवेअर वॉलेटच्या (प्रायव्हेट की संगणकापासून वेगळी ठेवणाऱ्या छोट्या उपकरणाच्या) पडद्यावर दिसणारा संपूर्ण पत्ता, घेणाऱ्याने फोनवर वाचून दाखवलेल्या पत्त्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहतो आणि मगच मंजुरीचे बटण दाबतो.