प्रश्न वाचकांचे : परदेशी नेण्याचा खाऊ आणि विमानतळावरील नियम

प्रश्न : आम्ही उभयता या दिवाळीत प्रथमच मुलाकडे मेलबर्नला जात आहोत. सूनबाईंनी कांदा-लसूण चटणी, आजरा घनसाळ तांदूळ, तूरडाळ, भडंग, पेढे आणि गूळ आणायला सांगितले आहे. हे सगळे घरी खाण्यापुरतेच आहे, विकायला नाही. तरीही विमानतळावर अडवतात असे ऐकतो, ते का? यातले काय न्यावे आणि काय ठेवावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ‘घरी खाण्यापुरतेच आहे’ हे सांगणे जकातीच्या बाबतीत उपयोगी पडते, पण ऑस्ट्रेलियाच्या जैवसुरक्षेच्या नियमांपुढे ते पुरत नाही. पदार्थ किती आहे यापेक्षा तो कशाचा केला आहे आणि त्याच्याबरोबर कोणता रोग किंवा कोणती कीड देशात शिरू शकते, हे तेथे आधी पाहिले जाते.

आपल्या जिल्ह्यात ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे त्यांना लाळ्या-खुरकूत समजावून सांगावी लागत नाही. तोंडातून लाळेची तार लागते, खुरांच्या बेचक्यात फोड येतात, जनावर वैरणीला तोंड लावत नाही आणि दूध एकाएकी आटते. ऑस्ट्रेलियात हा रोग 1872 नंतर झालेला नाही. आपल्याकडे तो आहे, आणि त्याचा विषाणू दुधामांसातून प्रवास करू शकतो. ब्रिटनमध्ये 2001 साली ही साथ आली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली, आणि तिचा उगम एका वराहपालन केंद्रात डुकरांना न शिजवता घातलेल्या खरकट्यात असावा, असा निष्कर्ष निघाला. पेढ्यांच्या पुड्याकडे तेथील अधिकारी इतक्या गंभीरपणे का पाहतात, हे यावरून लक्षात यावे. तेव्हा पेढे, बर्फी, खव्याचे आणि पनीरचे पदार्थ घरीच ठेवावेत. घरी कढवलेले तूपही दुधाचेच असल्यामुळे ते नेऊ नये. तूप तेथील भारतीय दुकानांत सहज मिळते.

तांदूळ आणि डाळ यांची अडचण निराळी आहे. खापरा भुंगेरा ही साठवणीच्या धान्याची कीड मूळची भारतीय उपखंडातलीच समजली जाते. तिची अळी अन्नावाचून फटीत वर्षानुवर्षे तग धरते, आणि एकदा कोठारात शिरली की तिला हुसकणे अत्यंत कठीण जाते. म्हणून ऑस्ट्रेलियाने 2020 पासून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, गहू, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, तसेच धने, जिरे, बडीशेप आणि सुक्या मिरच्या आणण्यास मनाई केली आहे. घनसाळाचा तो वास सूनबाईंना तिकडे मिळणार नाही याचे वाईट वाटते, पण तो तांदूळ नेऊ नका. कारखान्यात भाजून, तळून किंवा फुलवून पाकिटबंद केलेले पदार्थ या मनाईतून वगळलेले आहेत. त्यामुळे चुरमुऱ्यांचे आणि तळलेल्या शेंगदाण्यांचे भडंग, आणि मिरची, धने, खोबरे तेलावर परतून कुटलेली आपली चटणी ही दुकानातली पाकिटबंद असल्यास त्यांना वाव आहे, घरच्या डब्यांबाबत मात्र अंतिम निर्णय अधिकाऱ्याचाच राहतो. गूळ ढेपेचा न नेता बंद पाकिटातला, छापील नावाचा न्यावा, कारण ढेपेला चिपाडाचा कण किंवा गोणपाटाचा धागा हमखास चिकटलेला असतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. आगमनाच्या पत्रकावर खाद्यपदार्थांविषयी प्रश्न असतो, तेथे ‘होय’ असेच लिहा. जाहीर केलेला पदार्थ मनाईतला निघाला, तर तो काढून घेतात आणि विषय तेथेच संपतो. लपवलेला सापडला तर दंड हजारो डॉलरच्या घरात जाऊ शकतो, आणि तात्पुरता व्हिसा रद्दही होऊ शकतो. मी स्वतः ‘होय’ लिहून त्या रांगेत उभी राहिले आहे. अधिकारी बाईंनी स्टीलचा डबा उघडला, चटणीचा वास घेतला, काय काय घातले आहे ते विचारले आणि झाकण स्वतः घट्ट लावून डबा परत दिला. बेसनाच्या लाडवांसोबत चुकून राहिलेला पेढ्यांचा पुडा मात्र त्यांनी बाजूला ठेवला. सारे दहा मिनिटांत आटोपले आणि दंड झाला नाही. म्हणून प्रत्येक डब्यावर पदार्थाचे नाव आणि घटक इंग्रजीत लिहून चिकटवा, आणि सर्व डबे एकाच बॅगेत, वरच्या बाजूला ठेवा.

प्रश्न : मुलगा दुबईत नोकरीला आहे. त्याच्यासाठी वर्षाची चटणी आणि तांबड्या रश्श्याचा मसाला द्यायचा आहे. काही अडचण येईल का?
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : मसाल्यात खसखस आहे का, हे आधी पाहा. खसखस हे अफूच्याच झाडाचे बी असल्यामुळे संयुक्त अरब अमिरातीत ते निषिद्ध अमली पदार्थांत गणले जाते. सिंगापूरमध्येही त्यावर बंदी आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळणारी ही वस्तू तेथे तुरुंगापर्यंत नेऊ शकते, आणि ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव तेथे चालत नाही. मुलासाठी मसाला वेगळा करा आणि त्यात खसखशीऐवजी तीळ किंवा थोडे जास्त खोबरे घाला. कांडप केंद्रात दुसऱ्या कोणाच्या खसखशीच्या मसाल्यामागोमाग आपला मसाला कुटून घेऊ नका. यंत्र पुसून घ्यायला सांगा, किंवा हा थोडा मसाला घरी मिक्सरवरच करा. नारळाच्या सुक्या वाट्या वेगळ्या बांधून देऊ नका. सुके खोबरे तेलकट असल्याने आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमान कंपन्या ते अडवतात.

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेला हापूसची एक पेटी आणि कढीपत्त्याच्या चार डहाळ्या नेता येतील का?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही नेता येणार नाहीत. भारतीय आंब्याला अमेरिकेची दारे 2007 साली उघडली, पण ती विकिरण प्रक्रिया (किरणांचा मारा करून कीड निष्प्रभ करणे) झालेल्या आणि व्यापारी मार्गाने तपासून गेलेल्या आंब्याला. बॅगेतल्या पेटीला ती सवलत नाही. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला आहे, आणि त्याच्या पानांवर राहणारी एक बारीक कीड संत्र्याच्या बागा वाळवणारा रोग पसरवते. फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये आढळला आणि तेथील बागायत त्याने उद्ध्वस्त केली. खाद्यपदार्थ लपवल्यास अमेरिकेत दंड दहा हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. हापूसची हौस असेल, तर डबाबंद आमरस न्या आणि तो पत्रकावर नोंदवा.