देखणा संगणक घ्यावा की दणकट?

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीजवळ राहतो. मी घरून मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन करते, तर मुलगी इंटिरियर डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहे. आमचा दहा वर्षांचा संगणक आता थकला असून ७० हजार रुपयांत नवा घ्यायचा आहे. तो दिवाणखान्यातच राहणार असल्याने मुलीला दुकानात पाहिलेला पांढराशुभ्र, सडपातळ ऑल-इन-वन (स्क्रीन आणि संगणक एकाच आवरणात असलेला) हवा आहे. माझे यजमान म्हणतात, ‘रूप काय चाटायचे आहे? आत काय भरले आहे ते बघा.’ मला दोघांचेही पटते. काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमच्या यजमानांचा युक्तिवाद मी अनेक घरांत ऐकला आहे आणि दर वेळी तो मला अर्धाच पटला आहे. जी वस्तू सहा-सात वर्षे सर्वांच्या नजरेसमोर राहणार, ती डोळ्यांना बरी दिसावी ही अपेक्षा म्हणजे उधळपट्टी नव्हे. सोफ्याचे कापड निवडताना आपण चार दुकाने हिंडतोच. मात्र दुकानात पहिल्या दहा मिनिटांत भुरळ घालणारे रूप वेगळे आणि घरी आणल्यावर तिसऱ्या वर्षीही जाणवत राहणारी रचना वेगळी. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत येते का, पंख्याची घरघर शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला ऐकू जाते का, पेनड्राइव्ह लावण्यासाठी दर वेळी संगणक फिरवावा लागतो का, धूळ काढायला तो सहज उघडतो का, हीसुद्धा डिझाइनचीच परीक्षा आहे, आणि तिच्यात उत्तीर्ण होण्यासाठी आतले भागही चांगलेच लागतात.

देखण्या संगणकांचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. ॲपलने १९९८ साली निळसर, अर्धपारदर्शक आयमॅक आणला तेव्हा बदामी खोक्यांना सरावलेले लोक चकित झाले. पण त्याच्यासोबतचा वाटोळा माउस हातात धरल्यावर त्याची पुढची बाजू कोणती हेच पटकन कळत नसे. २००० साली त्याच कंपनीने पंखा नसलेला, पारदर्शक आवरणातला ‘क्यूब’ काढला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याला कायमची जागा मिळाली, बाजारात मात्र तो जेमतेम वर्षभर टिकला, कारण तेवढ्याच ताकदीचा आणि अधिक कार्डे बसवता येणारा उभा संगणक त्याहून कमी पैशांत मिळत होता. २०१३ सालच्या दंडगोलाकार मॅक प्रोमध्ये उष्णता शोषणारा एकच गाभा मध्यभागी होता आणि बाकीचे भाग त्याच्या तीन बाजूंना होते. पुढे ग्राफिक्स चिप अधिक तापू लागल्या तेव्हा त्यांना या मांडणीत सामावून घेता येईना, आणि २०१७ साली कंपनीलाच ते कबूल करावे लागले. इतके नामांकित डिझायनर पदरी असताना ही गत होते, मग इतरांच्या चकचकीत नकलांविषयी काय बोलावे!

आता तुमच्या मुलीच्या पसंतीकडे वळतो. या किमतीतल्या बहुतेक ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपचा, कमी वीज खाणारा प्रोसेसर असतो, कारण तेवढ्या पातळ आवरणातून जास्त उष्णता बाहेर काढता येत नाही. तुमच्या अक्षरजुळणीला तो पुरेल. मुलीला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खोल्यांची त्रिमितीय चित्रे रेंडर करावी लागतील, म्हणजे आराखड्यावरून खरीखुरी वाटतील अशी तयार करावी लागतील, आणि तेव्हा चित्रांचे काम सांभाळणाऱ्या स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची गरज भासेल. ऑल-इन-वनमध्ये ते नंतर बसवण्याची सोय नसते. शिवाय चांगली स्क्रीन सहज आठ-दहा वर्षे चालते, तर प्रोसेसर त्याआधीच जुना होतो. दोघांची एकाच आवरणात गाठ मारली की एक थकला म्हणून दुसऱ्यालाही निवृत्त करावे लागते. ऑल-इन-वनला बाहेरून चित्र आत घेणारे एचडीएमआय पोर्ट असेल तर निदान पुढे त्याचा मॉनिटर म्हणून उपयोग होतो, पण बहुतेकांना ते नसते. मुलीचा हट्ट मोडवत नसेल, तर दुकानात एवढे तरी विचारून घ्या.

माझा कौल लहान आकाराचे स्वतंत्र कॅबिनेट आणि उत्तम मॉनिटर यांना आहे. खर्चाची सुरुवात मॉनिटरपासून करा, कारण दिवसाचे आठ तास तुम्ही त्याच्याकडेच पाहणार आहात. १९२० × १०८० ठिपक्यांचा २७ इंची मॉनिटर भव्य दिसतो, पण त्यावर इंचाला सुमारे ८२ ठिपकेच पडतात. तेवढेच ठिपके २४ इंचांत बसवले तर ९२ होतात आणि २५६० × १४४० ठिपक्यांच्या २७ इंची मॉनिटरवर १०९. ‘सर्वांत’सारख्या शब्दात रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटून बसतात, तिथे हा फरक मुद्रितशोधकाला लगेच कळतो. आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी ज्याचे रंग फारसे बदलत नाहीत ते) आणि वर-खाली होणारा स्टँड पाहून घ्या. नाजूक पायांचे जे मॉनिटर दुकानात फार सुंदर दिसतात, त्यांची मान बहुधा फक्त मागे-पुढे कलते. मग घरोघरी त्यांच्याखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा जातो आणि सगळ्या सौंदर्याची शोभा होते.

दुसरा खर्च कोणालाही न दिसणाऱ्या एसएमपीएसवर, म्हणजे घरातली वीज संगणकाला लागेल तशी पुरवणाऱ्या आतल्या डब्यावर करावा. स्वस्त कॅबिनेटसोबत जो फुकट येतो तो घेऊ नका. ‘८० प्लस’ या शिक्क्याचा अर्थ इतकाच, की २०, ५० आणि १०० टक्के भारावर तो किमान ८० टक्के कार्यक्षमतेने चालतो. तो बिघडणार नाही अशी हमी त्यात नाही. म्हणून शिक्क्यासोबत वॉरंटीही पाहा आणि ती पाच वर्षांची असेल तर निर्धास्त राहा. पुढे ग्राफिक्स कार्ड बसवता येईल इतकी क्षमता आताच घेऊन ठेवा. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा पहिला तडाखा याच भागाला बसतो, त्यामुळे यूपीएसही हवाच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतचा भार पेलतो आणि तो काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरता असतो. १६ जीबी रॅम आणि साठवणीसाठी ५१२ जीबीची वेगवान एनव्हीएमई एसएसडी हे तर आता घ्यावेच लागते, त्यावर अधिक लिहीत नाही.

एवढे झाले की कॅबिनेट मात्र मुलीलाच निवडू द्या. पांढरे, लहान आणि समोर जाळी असलेले कॅबिनेट मिळते. घोडबंदर रस्त्यावरच्या बांधकामांची धूळ तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून ओढून काढता आणि धुता येणारी गाळणी त्याला असलीच पाहिजे. ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर एक फेरी मारलीत तर ठाण्यातल्या दुकानदाराने सांगितलेल्या भावाशी ताडून पाहता येईल. पण दोनशे-चारशे रुपयांसाठी घराजवळची दुरुस्तीची सोय सोडू नका.

प्रश्न : मुलाने ऑनलाइन काचेचे कॅबिनेट आणि रंगीत दिव्यांचे पंखे असलेला संगणक पाहिला आहे. ‘आय ७, १६ जीबी, एसएसडी’ असे वर्णन आहे आणि किंमत फक्त २२ हजार. घ्यावा का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार असण्याची दाट शक्यता आहे. ‘आय ७’च्या पुढचा आकडा विक्रेत्याला विचारा. तो ३७७० निघाला तर प्रोसेसर २०१२ सालचा आहे. त्याला चारच कोअर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग) आहेत, आणि तितकेच कोअर असलेला २०२२ सालचा साधा ‘आय ३ १२१००’ त्याला बराच मागे टाकतो. आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर रॅमचा प्रकार विचारा. ‘डीडीआर ३’ असे उत्तर आले की वय कळलेच. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इतके जुने प्रोसेसर विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाहीत. दिव्यांबद्दल माझी तक्रार नाही, तरुण मुलाच्या खोलीत ते शोभतात. समोरची काच मात्र पंख्यांच्या तोंडाशी बसते आणि बाजूने फट नसेल तर ते पंखे नुसते फिरतात, हवा आत ओढत नाहीत.

प्रश्न : मी देखणे म्हणून ॲल्युमिनियमचे कॅबिनेट घेतले. कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. ते परत करून प्लास्टिकचे घ्यावे का? (एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : कॅबिनेट परत करू नका, आधी घरातले अर्थिंग तपासून घ्या. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर धातूच्या अंगाला जोडलेले असतात आणि त्यांतून झिरपणारा अत्यल्प प्रवाह तिसऱ्या पिनेवाटे जमिनीत जायचा असतो. ती वाट बंद असली की कॅबिनेटवर २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब तरंगत राहतो. पत्र्याच्या कॅबिनेटवर रंगाचा थर असतो म्हणून तिथे तो सहसा जाणवत नाही, तुमच्या उघड्या ॲल्युमिनियमने तो उघड केला इतकेच. जुन्या इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असूनही मागे अर्थची तार जोडलेलीच नसते, असे पुष्कळदा आढळते. दोन पिनांचा ॲडॅप्टर मध्ये लावला असेल तर तो आजच काढून टाका आणि परवानाधारक वायरमनकडून सॉकेट तपासून घ्या. अर्थ नीट असूनही झिणझिण्या थांबल्या नाहीत, तर दोष एसएमपीएसचा समजून तो वॉरंटीत बदलून घ्या. तोवर प्लग काढून ठेवलेला बरा.