मन ‘नको’ म्हणतं, हिशेब ‘घ्या’ म्हणतो

व्यवहार फायद्याचा दिसतो, तरी मन धजावत नाही. मग ऐकायचं कुणाचं? छोटे उद्योजक हा प्रश्न नेहमी घेऊन येतात.

मसाले करणाऱ्या एका ताईंना नवा व्यापारी बाजारापेक्षा बऱ्याच कमी भावात हळकुंडं देत होता, तीही महिन्याच्या उधारीवर. दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर होत्या. ताई म्हणाल्या, “मन खातंय. पण पुराव्याशिवाय कुणावर संशय घेणं मला पटत नाही.”

मन नेमकं कशाला खातंय, ते आधी लिहून काढायला सांगितलं. कागदावर आलं: हळकुंड चोळलं की बोटाला रंग लागतो, सगळ्या पोत्यांत एकसारखा झगझगीत पिवळेपणा, बिल द्यायला टाळाटाळ, माणूस आपल्या भागातला नाही. शेवटची ओळ खोडली. तो आतला आवाज नव्हे, अनोळखीपणाची भीती. बाकीच्या तिन्ही ओळी मात्र वजनदार होत्या. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी 2009च्या लेखात मांडलंय, की जिथे गोष्टी ठरावीक रीतीने घडतात आणि आपला अंदाज बरोबर आला की चुकला हे वेळोवेळी कळतं, तिथलाच अंदाज भरवशाचा. हळदीचा माल कसा निघाला हे ताईंना दर हंगामात कळत होतं. माणसाच्या सचोटीबद्दल तसं कळत नाही.

झगझगीत रंगासाठी काही जण हळकुंडांना लेड क्रोमेट हा पिवळा रासायनिक रंग चोळतात. त्यातलं शिसं मुलांच्या मेंदूला इजा करतं. हळकुंड पाण्याच्या ग्लासात टाकलं आणि पाणी लगेच गडद पिवळं झालं, तर शंका पक्की धरावी. निकाल मात्र प्रयोगशाळेचाच. म्हणून व्यापाऱ्याला सरळ सांगायचं ठरलं: “वेगवेगळ्या पोत्यांतला नमुना दोघांसमोर सीलबंद करू. तपासणीचा खर्च माझा. रिपोर्ट आल्यावर माल उचलते.” यात संशय मालावर राहतो, माणसावर जात नाही, ताईंचं तत्त्वही सांभाळलं जातं.

लोक घसरतात ते इथे: नमुना पाठवतात आणि तोवर पोती गोदामात उतरवून घेतात. पैसे अडकले की मन स्वतःच सबबी शोधू लागतं. म्हणून रिपोर्टआधी एकही पोतं घ्यायचं नाही, आणि शिसं निघालं तर भाव कितीही उतरला तरी नकार, हे बोलणीला बसण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवलं.

व्यापाऱ्याने नमुना द्यायला नकार दिला. ताईंनी जुन्या पेढीकडून चढ्या भावाने निम्माच माल घेतला आणि कमी माल मिळेल असं ग्राहकांना आधीच कळवलं. एक ऑर्डर गेली. नकार म्हणजे भेसळीचा पुरावा नव्हे, म्हणून त्या व्यापाऱ्याचं नाव बाजारात कुठेही काढायचं नाही, हेही त्यांनी ठरवलं.