पुलमनला पहिल्यांदा दिवसाउजेडी जा

तू लिहिलंस की तू लातूरची, मसूर-हरभऱ्याच्या वाणांवर पीएचडी करायला वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनला, प्रवेश मिळालाय, आणि नकाशात गावाभोवती काहीच दिसत नाही म्हणून घरचे धास्तावलेत. कसं पोचायचं, गाडी लागेल का, एकटीला करमेल का, हे तुझे तीन प्रश्न. दादा म्हटलंस, म्हणून अगंतुगं करतो.

आधी माझी ओळख, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुला ठरवता येईल. मी पुलमनला कधी राहिलेलो नाही. मी सिएटलच्या एका वर्तमानपत्रात कॉलेज फुटबॉलवर (अमेरिकी फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो) लिहायचो आणि नऊ हंगाम, दरवर्षी चार-पाच वेळा तिथं जायचो. सहसा शुक्रवारी निघायचं, शनिवारी मॅच, रविवारी परत. त्यामुळे गाव मला शनिवारचं ठाऊक आहे, मंगळवारी संध्याकाळी प्रयोगशाळेतून खोलीवर परतणाऱ्या मुलीचं नाही. रस्ता मात्र तोंडपाठ आहे, आणि तुझ्या घरच्यांची निम्मी काळजी त्या रस्त्याचीच आहे.

सिएटलहून पुलमन साधारण ४६० किलोमीटर, गाडीने पाच तास. पहिला तासभर स्नोक्वाल्मीचा घाट, देवदारासारखी उंच झाडं, पाऊस. घाट उतरला की पाऊस मागे राहतो आणि सगळं कोरडं होत जातं. व्हँटेजला कोलंबिया नदी ओलांडायची, मग २६ नंबरचा दुपदरी रस्ता धरायचा. ऑथेलो, वॉशटक्ना, डस्टी, कोलफॅक्स. यातल्या काही गावांची वस्ती आपल्याकडच्या वाडीएवढी. आणि मग पलूस (Palouse) नावाच्या तिथल्या शेतीच्या पट्ट्यातल्या टेकड्या सुरू होतात. हजारो वर्षं वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या त्या टेकड्या आहेत. एकामागून एक लाटा याव्यात तशा, आणि माथ्यापर्यंत पेरलेल्या. उतार इतके की कापणीची यंत्रं उतारावरही सरळ उभी राहतील अशी बनवलेली असतात. मे-जूनमध्ये सगळं हिरवंगार, ऑगस्टमध्ये गव्हाचं सोनं. तू ऑगस्टमध्ये पोचशील. म्हणून म्हणतो, पहिल्यांदा दिवसाउजेडी जा. रात्री गेलीस तर दोन्ही बाजूंना नुसता अंधार दिसेल आणि आपण कुठे येऊन पडलो असं वाटून रडू येईल. सकाळी तोच रस्ता पाहिलास तर फोटो काढत बसशील.

सिएटलहून थेट पुलमनला छोटं विमान जातं. पूर्वी धुक्यात ते उतरायचं नाही, स्पोकेन नाहीतर लुइस्टन या आसपासच्या शहरांत न्यायचे. २०१९मध्ये नवी धावपट्टी झाली, तेव्हापासून पुष्कळ फरक पडलाय. तरी जानेवारीत सुट्टीहून परतताना एक दिवस हाताशी ठेव. स्पोकेनहून पुलमन १२० किलोमीटर आहे, तेही सोयीचं.

हिवाळ्याचं नीट सांगतो, कारण मी स्वतः चुकलो होतो. नोव्हेंबरचा शनिवार होता. घाटात बर्फामुळे दोन तास अडकलो आणि उशीर भरून काढायला पुढे वेग वाढवला. डस्टीच्या अलीकडे एका वळणावर रस्ता नुसता ओला दिसत होता. तो ओला नव्हता, वर काचेसारखा बर्फाचा थर होता. गाडी फिरली आणि बाजूच्या चरात गेली. मला काही लागलं नाही. पण फोनला रेंज नाही, आसपास घर नाही, चार वाजताच दिवस मावळायला आलेला. अर्ध्या तासाने एक म्हातारा शेतकरी पिकअप घेऊन आला. काही विचारलं नाही, साखळी काढली, चरात गुडघ्यावर बसून आकडा लावला आणि गाडी ओढून वर घेतली. त्याच्या डॅशबोर्डच्या खाचेत उन्हाळ्यातले गव्हाचे दाणे अजून पडलेले होते. थर्मासमधली कॉफी मला दिली आणि मग पहिला प्रश्न विचारला, "मॅचला चाललास ना? किती वाजताची आहे?" मी बातमीदार आहे कळल्यावर कोलफॅक्सपर्यंत माझ्यामागे गाडी ठेवून आला. दुसरा हाफ सुरू झाल्यावर मी पोचलो. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, याची रुखरुख अजून आहे.

तर पहिलं वर्ष गाडी घेऊच नकोस. गावातल्या बसला विद्यार्थ्यांना ओळखपत्र पुरतं. शेजारच्या आयडाहो राज्यातलं मॉस्को गाव १३ किलोमीटरवर, तिथं दुसरं विद्यापीठ आहे आणि मधे सायकलचा पक्का रस्ता आहे. पुढे गाडी घेतलीस तर हिवाळ्याचे टायर आधी. डिकीत घोंगडी, पाणी, फावडं. निघण्याआधी राज्याच्या रस्ते खात्याच्या साइटवर घाटाचे कॅमेरे पाहा. पूल सगळ्यात आधी गोठतात. तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात. आणि उशीर झालाय म्हणून वेग वाढवायचा नाही.

करमण्याचं. गावाची वस्ती साधारण ३३ हजार आणि विद्यापीठाच्या मार्टिन स्टेडियममध्ये मावतात तीही जवळपास तेवढीच माणसं. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की पेठा कशा ओस पडतात ते पाहत वाढलो. म्हणून पुलमन मला पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं, खेळ वेगळा असूनही. सिएटलमध्ये मॅच असते तेव्हा अर्ध्या शहराला पत्ता नसतो. इथे पेट्रोल पंपावरच्या बाईलाही क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, घोटा दुखावलाय हे माहीत असतं.

आमच्यातले जुने पत्रकार जमले की गप्पा अशाच गावांच्या निघतात. मोठ्या शहरातल्या मॅचचा नुसता स्कोअर लक्षात राहतो. पुलमनचं म्हटलं की रस्ता, हवा, रात्री एकला उघडं सापडलेलं एकमेव हॉटेल, सगळं येतं. १९९२च्या ॲपल कपची, म्हणजे वॉशिंग्टन स्टेट आणि सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ यांच्यातल्या मॅचची, गोष्ट मी एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याकडून निदान दहादा ऐकली असेल. भर बर्फात वॉशिंग्टन स्टेटने देशात पाचव्या मानांकनाच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला ४२-२३ हरवलं. ड्रू ब्लेडसोचा पास फिलिप बोबोने झेलला आणि तो घसरत थेट बर्फाच्या ढिगात गेला. सहकारी सांगायचे, पेनातली शाई चालेना म्हणून त्यांनी पेन्सिलीने टिपणं काढली.

मी स्वतः पाहिलेला दिवस २० ऑक्टोबर २०१८चा. ईएसपीएन या क्रीडावाहिनीचा 'कॉलेज गेमडे' हा कार्यक्रम दर शनिवारी वेगळ्या गावातून होतो. २००३पासून पुलमनच्या चाहत्यांनी आपला झेंडा त्या प्रत्येक गावात नेऊन फडकवला होता, कार्यक्रम मात्र त्यांच्या गावी कधी आला नव्हता. त्या दिवशी आला. पहाटे अंधारात, बोटं बधिर होतील अशा थंडीत, हजारो पोरं उभी होती. एका आजोबांनी नातवाला खांद्यावर घेतलं होतं आणि दोघंही रडत होते. संध्याकाळी वॉशिंग्टन स्टेटने ओरेगॉन विद्यापीठाला ३४-२० हरवलं. पुढे २०२३मध्ये पॅक-१२ ही पश्चिमेकडच्या बारा विद्यापीठांची लीग फुटली, बारापैकी दहा विद्यापीठं जास्त पैशांच्या मागे गेली आणि हे गाव मागे राहिलं. ते मला आजही लागतं, कारण तिथल्या खानावळी आणि लॉज वर्षातल्या त्या सहा-सात शनिवारांवर उभे आहेत.

घरचे भेटायला येणार असतील तर मॅचच्या आठवड्यात बोलावू नकोस, खोल्या महिनोन्महिने आधी जातात. आम्ही पत्रकारसुद्धा मॉस्कोत, लुइस्टनला, कधी स्पोकेनला मुक्काम करायचो. देशी किराणाही स्पोकेनहून एकदम भरून आण.

आणि तुझ्या कामासाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. मसूर, हरभरा, वाटाणा तिथल्या टेकड्यांवरच पिकतो, अमेरिकी कृषी खात्याचं कडधान्य संशोधन पथकही पुलमनलाच आहे. ऑगस्टमध्ये सत्र सुरू होण्याच्या सुमारास गावात मसुराचा महोत्सव भरतो. भल्यामोठ्या कढईत मसुराची चिली (घट्ट मसालेदार रस्सा) शिजवतात आणि येईल त्याला फुकट वाढतात. तू तोवर पोचलेली असशील. जा, रांगेत उभी राहा, पुढच्या-मागच्याला सांग की तू डाळीच्या बाजारपेठेतून आलीयेस. लिंबू सोबत ने, चिलीवर पिळायला.